माशाचा हिशेब मांडणारा गणिती

पाण्यात मासा पुढे सरकतो हे दृश्य इतके परिचयाचे आहे, की त्यात काही विचारण्यासारखे असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असते. पाय रोवायला जमीन नाही, धरायला आधार नाही. पुढे जायचे तर पाण्यालाच मागे लोटले पाहिजे. लोटलेले पाणी जी ऊर्जा घेऊन मागे जाते ती माशाला पुन्हा मिळत नाही. शिवाय वेग दुप्पट करायचा झाला तर पाण्याचा अवरोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती जवळजवळ आठपट. या व्यवहारात माशाच्या पदरी लाभ किती आणि खोट किती, हा हिशेब विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणालाच धडपणे मांडता आला नव्हता. तो मांडला सर जेम्स लाइटहिल या इंग्रज गणितज्ञाने. त्यांची हयात विमानांच्या गणितात गेली होती आणि समुद्रात तासन्‌तास पोहणे हा त्यांचा छंद होता.

मायकेल जेम्स लाइटहिल यांचा जन्म २३ जानेवारी १९२४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील खाण अभियंता होते. घराण्याचे मूळ आडनाव लिश्टेनबर्ग. ते १९१७ मध्ये बदलून लाइटहिल असे इंग्रजी वळणाचे करण्यात आले. मुलाची बुद्धी लहानपणीच लक्षात येण्यासारखी होती. विंचेस्टर येथील जुन्या व नामांकित शाळेत त्यांना सोबती मिळाला तो फ्रीमन डायसन. हेच डायसन पुढे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून जगभर गाजले. शाळेचा गणिताचा अभ्यासक्रम संपवून ही दोन मुले विद्यापीठातले जाडजूड ग्रंथ आपापसांत वाचून फस्त करीत. पंधराव्या वर्षीच दोघांना केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. परंतु इतक्या कोवळ्या वयात प्रवेश घेणे योग्य नव्हे म्हणून त्यांना सतरा वर्षांचे होईपर्यंत थांबावे लागले.

लाइटहिल १९४१ मध्ये केंब्रिजला पोहोचले तेव्हा युद्ध ऐन भरात होते. पदवीचा अभ्यास दोन वर्षांत उरकून ते टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत दाखल झाले. तेथे हवेच्या प्रवाहाचा अभ्यास करणाऱ्या विभागात सिडनी गोल्डस्टीन हे ज्येष्ठ गणिती काम करीत होते. शुद्ध गणिताची ओढ असलेल्या या तरुणाला प्रवाहाच्या गणिताची गोडी लावली ती गोल्डस्टीन यांनी. ध्वनीपेक्षा अधिक वेगाने जाणाऱ्या विमानाच्या पंखांभोवती हवा कशी वाहते, हा त्या काळातला सर्वांत निकडीचा प्रश्न होता. युद्ध संपल्यावर लाइटहिल गोल्डस्टीन यांच्यापाठोपाठ मँचेस्टर विद्यापीठात गेले. गोल्डस्टीन १९५० मध्ये इस्रायलला निघून गेले तेव्हा त्यांच्या जागी प्राध्यापक म्हणून लाइटहिल यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय होते अवघे सव्वीस.

मँचेस्टरमधील त्या वर्षांत त्यांनी केलेले सर्वांत प्रसिद्ध काम जेट विमानांच्या गोंगाटाविषयीचे आहे. जेटमधून बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूच्या झोताचा आवाज त्याच्या वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणात वाढतो, असे त्यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले. याचा अर्थ असा, की झोताचा वेग थोडासा कमी केला तरी आवाज खूप उतरतो. आजच्या प्रवासी विमानांची इंजिने घेराने मोठी आणि आवाजाने पूर्वीच्या मानाने सौम्य आहेत, यामागे हाच विचार आहे. पुढल्याच वर्षी, म्हणजे वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

येथवरची हकीकत एखाद्या यशस्वी विमानशास्त्रज्ञाची वाटावी अशी आहे. मासा तिच्यात कसा शिरला हे समजण्यासाठी केंब्रिजच्या प्राणिशास्त्र विभागाकडे वळावे लागेल.

तेथे जेम्स ग्रे नावाचे प्राध्यापक प्राण्यांच्या हालचालींचा अभ्यास करीत होते. माशांची चलच्चित्रे घेऊन, एकेक चौकट निरखून, शरीरावरून डोक्याकडून शेपटीकडे सरकत जाणारी लाट कशी असते हे त्यांनी नोंदवून ठेवले होते. याच ग्रे यांनी १९३६ मध्ये एक कोडे टाकले. जहाजाच्या बाजूने सुसाट निघून गेलेल्या एका डॉल्फिनचा वेग सेकंदाला सुमारे दहा मीटर असल्याची नोंद त्यांच्यापुढे होती. तेवढा वेग राखायला लागणारी शक्ती आणि त्या प्राण्याच्या स्नायूंत असू शकणारी शक्ती यांची तुलना केली, तेव्हा गरज स्नायूंच्या ताकदीच्या सुमारे सातपट निघाली. ज्या प्राण्याजवळ ताकदच नाही तो पोहतो कसा? डॉल्फिन हा मासा नव्हे, सस्तन प्राणी आहे. पण प्रश्न पोहणाऱ्या सर्वच जिवांना लागू होता. मग ग्रे यांच्या या कोड्याने अनेकांना भुरळ घातली. डॉल्फिनच्या त्वचेत काही तरी जादू असली पाहिजे, ती पाण्याला खळबळूच देत नसली पाहिजे, अशा कल्पना निघाल्या. तशी कृत्रिम त्वचा बनवून पाणतीरांना गुंडाळण्याची स्वप्नेही काहींनी पाहिली.

लाइटहिल जादूच्या वाटेला गेले नाहीत. त्यांच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे विमानांसाठी तयार झालेले सडपातळ आकारांचे गणित. लांबट, निमुळता आकार प्रवाहातून जात असेल तर त्याचा एकेक काप सुटा धरून त्या कापाने बाजूच्या हवेला किती ढकलले ते मोजता येते आणि अवघड गणित अचानक सोपे होते. हवाई जहाजे आणि त्रिकोणी पंखांची विमाने यांच्यासाठी ही युक्ती आधीच वापरली गेली होती. दुसरी गोष्ट म्हणजे केंब्रिजमध्येच रिचर्ड बेनब्रिज यांनी केलेली मोजमापे. बेनब्रिज यांनी पाण्याने भरलेले कड्याच्या आकाराचे एक फिरते चाक उभारले होते. मासा त्यात पोहू लागला की चाक उलट दिशेने फिरवायचे, म्हणजे मासा कितीही पोहला तरी कॅमेऱ्यासमोर जागच्या जागी राहतो. त्यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांतून स्पष्ट झाले, की मासा वेग वाढवतो तो मुख्यतः शेपटीचे फटके अधिक जलद मारून. फटका अधिक रुंद मारून नव्हे.

लाइटहिल यांचा ‘सडपातळ माशाच्या पोहण्याविषयी टिपण’ अशा अर्थाच्या साध्या शीर्षकाचा निबंध १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. विमान स्थिर आकाराचे असते आणि मासा वळवळतो, एवढाच फरक धरून त्यांनी कापाकापाचा हिशेब पुन्हा मांडला. त्यातून जे निघाले ते कोणत्याही शाळकरी मुलाला समजावे इतके सरळ आहे.

माशाच्या अंगावरून एक लाट मागे सरकत जाते. ही लाट माशाच्या पुढे जाण्याच्या वेगाइतक्याच वेगाने मागे सरकली तर काय होईल? अंगाचा प्रत्येक भाग आधीच्या भागाने आखलेल्या वाटेवरूनच जाईल, एखादा साप अरुंद चरातून सरपटत जावा तसा. पाणी बाजूला हलणार नाही, ऊर्जा वाया जाणार नाही. पण पाण्याला रेटाही मिळणार नाही आणि मासा पुढे जाण्याची शक्ती गमावून बसेल. उलट लाट फार वेगाने मागे पाठवली तर रेटा भरपूर मिळेल. मात्र पाणी भलतेच ढवळले जाईल आणि खर्चलेल्या ऊर्जेतली निम्म्यापर्यंत ऊर्जा मागे राहिलेल्या खळबळीत विरून जाईल. शहाणपणाची जागा या दोन टोकांच्या मध्ये आहे. लाइटहिल यांच्या गणिताने ती दाखवली : लाटेचा वेग पोहण्याच्या वेगाच्या सुमारे सव्वापट असावा. तेवढ्याने पुरेसा रेटा मिळतो आणि पाण्याला दिलेल्या ऊर्जेपैकी जवळजवळ नऊ दशांश ऊर्जा पुढे जाण्याच्या कामी येते. शंभर रुपयांतले नव्वद रुपये कामी आणि दहा रुपये खळबळीत, असा हा व्यवहार. जहाजाच्या पंख्याला साधारणपणे साठ-सत्तर रुपयांवर समाधान मानावे लागते, हे लक्षात घेतले म्हणजे माशाच्या काटकसरीची कल्पना येते. (स्नायूंत अन्नाचे कामात रूपांतर होताना उष्णतेच्या रूपाने जाणारा मोठा वाटा हा वेगळा हिशेब, तो माशालाही चुकत नाही आणि माणसालाही.)

या गणिताची आणखी एक गंमत अशी, की अंगाच्या मधल्या भागात काय चालले आहे याचा रेट्याशी फारसा संबंधच उरत नाही. सारा जमाखर्च शेपटीच्या शेवटच्या कडेपाशी मिटतो. मासा तेथून जे पाणी मागे सोडून देतो, तेवढेच हिशेबात धरायचे. शेपटी जेवढी उंच, तेवढ्या व्यासाचा पाण्याचा एक गोल दंड ती आपल्याबरोबर बाजूला ढकलते. म्हणून शेपटीची उंची दुप्पट झाली तर हाताळले जाणारे पाणी चौपट होते. बाजारात बांगडा किंवा सुरमई पाहिली तर शेपटीच्या अलीकडे अंग एकदम बारीक झालेले आणि त्यापुढे शेपटी दोन टोकांनी फाकलेली दिसते. त्याचे कारणही याच हिशेबात आहे. अंगाचा मागचा भाग जोराने डावी-उजवीकडे हलतो. तो रुंद असता तर पाण्याच्या प्रत्याघाताने डोके उलट बाजूला हेलकावे खात राहिले असते आणि त्या हेलकाव्यांत ऊर्जा फुकट गेली असती. तो भाग बारीक करून रुंदी फक्त शेवटी, जेथे उपयोग आहे तेथे ठेवली, की काम भागते. वाम मासा मात्र जवळजवळ सारे अंग वळवळवत पोहतो. त्याच्या अंगावर लाटेचे पूर्ण वळण मावते, एका बाजूचा धक्का दुसऱ्या बाजूच्या धक्क्याने फिटतो आणि डोके बऱ्यापैकी सरळ राहते. उत्क्रांतीने दोन निरनिराळी उत्तरे काढली आणि दोन्ही गणितात बसली.

हे टिपण प्रसिद्ध झाले तेव्हा लाइटहिल मँचेस्टर सोडून फार्नबरो येथील ब्रिटनच्या शाही विमान संशोधन संस्थेचे संचालक झाले होते. वय पस्तीस, हाताखाली हजारो माणसे आणि कॉंकॉर्डसारखी स्वनातीत प्रवासी विमाने आकाराला येण्याचा काळ. १९५९ ते १९६४ ही पाच वर्षे त्यांनी तेथे काढली. नंतर ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात आले आणि १९६९ मध्ये केंब्रिजच्या ल्यूकेशियन प्राध्यापकपदावर त्यांची निवड झाली. कधी काळी न्यूटनने भूषवलेली ही जागा. लाइटहिल यांच्या आधी तेथे पॉल डिरॅक होते आणि त्यांच्या नंतर स्टीफन हॉकिंग आले. या दोन नावांच्या मध्ये लाइटहिल यांचे नाव सर्वसामान्य वाचकाच्या स्मरणातून निसटते, हे खरे. त्यांच्या कामाचा विषय कृष्णविवरे नव्हता, एवढेच त्याचे कारण असावे.

केंब्रिजमध्ये मासा पुन्हा त्यांच्या टेबलावर आला, आणि या वेळी अधिक जोमाने. १९७० मध्ये त्यांनी ट्यूनासारख्या (कोकणात ज्याला कुपा म्हणतात त्या) वेगवान माशांच्या चंद्रकोरीसारख्या शेपटीचा विचार केला. ही शेपटी म्हणजे एक उभा धरलेला विमानाचा पंखच आहे. उंच, अरुंद आणि मागे वळलेली. पुढच्या वर्षी त्यांनी जुन्या टिपणाची मर्यादा ओलांडली. १९६० चे गणित शेपटीचे फटके लहान आहेत असे धरून चालले होते. खरे मासे तसे मारत नाहीत. मोठ्या फटक्यांनाही लागू पडेल असे नवे सूत्र त्यांनी १९७१ मध्ये दिले आणि ते बेनब्रिज यांनी चित्रित केलेल्या डेस या नदीतल्या लहानशा माशाच्या हालचालींवर लावून पाहिले.

येथे एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. शेपटीने निर्माण केलेला रेटा हिशेबाने जेवढा निघत होता तो, तेवढ्याच आकाराचा ताठ मासा पाण्यातून ओढण्यास लागणाऱ्या बळाच्या कित्येक पट होता. मासा एकसारख्या वेगाने पोहत असेल तर रेटा आणि अवरोध सारखेच असले पाहिजेत. म्हणजे पोहणाऱ्या माशाला होणारा अवरोध स्थिर माशापेक्षा बराच जास्त असणार. ग्रे यांच्या कोड्यापासून लोक असे समजत आले होते, की प्राणी पोहताना अवरोध कमी करण्याची काही गुप्त कला जाणतो. लाइटहिल यांचे उत्तर बरोबर उलटे होते. वळवळण्याची किंमत मोजावी लागते. अंग बाजूला सरकते तेव्हा त्वचेलगतचा पाण्याचा मंद थर दाबला जाऊन पातळ होतो आणि घर्षण वाढते, हे स्पष्टीकरण क्वेंटिन बोन या सागरी प्राणिशास्त्रज्ञाशी झालेल्या चर्चेतून आले. आजही ते बोन-लाइटहिल कल्पना या नावाने ओळखले जाते. २०१३ मध्ये संगणकीय आकडेमोडीच्या आधारे हा प्रश्न पुन्हा तपासला गेला. घर्षण वाढते हे खरे ठरले; परंतु ते लाइटहिल यांच्या अंदाजाइतके वाढत नसावे असे दिसते.

बोन यांचे नाव आले आहे, तर माशाच्या ऊर्जेची दुसरी बाजूही सांगून टाकायला हवी. माशाची तुकडी कापली, की कातडीलगत एक काळपट लाल पट्टी दिसते. अनेक घरांत ती उग्र वासाची म्हणून काढून टाकतात. पण माशाचा रोजचा प्रवास चालतो तो याच पट्टीवर. हे लाल स्नायू रक्तातला प्राणवायू वापरून, मुख्यतः चरबी जाळून, तासन्‌तास न थकता काम करतात. बाकीचे पांढरे मांस परिमाणाने कितीतरी अधिक असते. पण ते राखीव दल आहे. भक्ष्यावर झेप घालताना किंवा जीव वाचवताना ते काही क्षण कामाला लागते, प्राणवायूवाचून आपला साठा संपवते आणि मग त्याला सावरायला बराच काळ जावा लागतो. ही कामाची वाटणी बोन यांनी १९६६ मध्ये लहान शार्क माशांवर प्रयोग करून दाखवली होती. ग्रे यांच्या कोड्याची किल्लीही काही अंशी येथेच होती. त्यांनी डॉल्फिनच्या स्नायूंची ताकद धरली ती काही मिनिटे वल्ही मारणाऱ्या नावाड्यांच्या मापाने. आणि डॉल्फिन तर जहाजाजवळून अवघ्या सात सेकंदांत निघून गेला होता. काही सेकंदांची धाव आणि काही मिनिटांची मेहनत यांचे माप एक नसते. पुढे डॉल्फिनच्या शेपटीने मागे टाकलेल्या पाण्याचा वेग थेट मोजला गेला आणि त्याच्याजवळ पुरेशी ताकद असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले.

लाइटहिल यांच्या गणितामुळे इतरांनाही वाट मिळाली. डॅनियल वाइस या इस्रायली शास्त्रज्ञाने १९७३-७४ च्या सुमारास थव्याने पोहण्यातली बचत आणि थोडा वेळ फटके मारून मग अंग ताठ करून तरंगत जाण्यातली बचत यांची गणिते मांडली. पोहताना अवरोध वाढत असेल, तर मधून मधून पोहणे थांबवून नुसते सरकत जाणे शहाणपणाचे, हा त्यातला साधा तर्क.

लाइटहिल यांचा कामाचा उरक विलक्षण होता. हृदयाच्या धमन्यांतून रक्त कसे वाहते याचा अभ्यास करणारा विभाग इम्पीरियल कॉलेजात उभा करण्यात त्यांचा वाटा होता. १९७१ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. आपल्याकडच्या मोसमी पावसाशीही त्यांचे नाते होते. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले, की आफ्रिकेच्या सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा सागरी प्रवाह दिशा बदलून प्रचंड वेगाने उत्तरेकडे वाहू लागतो. दूरवर समुद्रात वाहणाऱ्या वाऱ्याचा परिणाम या किनाऱ्यावर काही आठवड्यांतच कसा पोहोचतो, याचे गणित त्यांनी १९६९ मध्ये केले. विषुववृत्ताजवळ पश्चिमेकडे सरकणाऱ्या महाकाय सागरी लाटा हा निरोप पोहोचवतात, असे त्यांचे उत्तर होते. मोसमी वाऱ्यांच्या गतिशास्त्रावर डिसेंबर १९७७ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्यातून तयार झालेल्या, १९८१ मध्ये निघालेल्या ग्रंथाचे ते एक संपादक होते.

संगणकाच्या जगात मात्र त्यांचे नाव वेगळ्या कारणाने घेतले जाते आणि तेही फारशा प्रेमाने नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनाची पाहणी करण्याचे काम ब्रिटिश सरकारी विज्ञान परिषदेने त्यांच्यावर सोपवले होते. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने या क्षेत्राच्या मोठमोठ्या आश्वासनांवर कोरडे ओढले आणि ब्रिटनमध्ये त्या संशोधनाचा पैसा आटला. आजच्या घडीला तो अहवाल वाचताना लाइटहिल यांची दृष्टी तेथे तोकडी पडली असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्या काळी दिलेली आश्वासने पुरी झालेली नव्हती, हेही तितकेच खरे.

ऊर्जा वाया घालवू नये हा त्यांच्या गणिताचा विषय होता, तसा स्वभावही होता. त्यासंबंधी एक किस्सा त्यांचे सहकारी सांगत. लाइटहिल भरधाव गाडी हाकण्याबद्दल प्रसिद्ध होते. एकदा न्यायालयात उभे राहण्याची पाळी आली तेव्हा, गाडी उताराला लागली असताना ब्रेक दाबणे म्हणजे ऊर्जेची नासाडी आहे आणि यंत्रशास्त्राचे नियम जाणणाऱ्या प्राध्यापकाने ती करू नये, असा युक्तिवाद त्यांनी केला म्हणे. किस्सा थोडा सजवलेला असेल. पण माणूस तसाच होता, यावर त्याला ओळखणाऱ्यांचे एकमत दिसते.

याच वृत्तीने ते समुद्रात उतरत. इंग्लिश खाडीत, फ्रान्सच्या किनाऱ्यापासून फार दूर नसलेले सार्क नावाचे एक चिमुकले बेट आहे. (दक्षिण आशियाई राष्ट्रांच्या संघटनेशी या नावाचा काही संबंध नाही.) त्याच्या भोवती पोहत एक फेरी घालायची म्हणजे सुमारे नऊ मैल, साडेचौदा किलोमीटर. अंतरापेक्षा अवघड आहेत ते तेथले प्रवाह. या भागात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड असतो आणि खडकांमधून पाणी असे उसळत धावते, की चांगला पोहणाराही त्याच्या विरुद्ध जाऊ शकत नाही. लाइटहिल यांनी त्याच्याशी झुंज घेण्याचा विचारच केला नाही. कोणत्या वेळी कोणत्या बाजूला पाणी कोठे वाहते याचा त्यांनी अभ्यास केला आणि फेरीची वेळ अशी साधली, की जेथे शक्य तेथे प्रवाहानेच आपल्याला पुढे न्यावे. १९७३ मध्ये ही प्रदक्षिणा पुरी करणारे ते पहिले गृहस्थ ठरले. उताणे पडून, हातापायांनी सावकाश पाणी मागे सारत ते पोहत. त्यामुळे आभाळ आणि कडे पाहत जाता येते, असे त्यांचे म्हणणे होते. शर्यत जिंकण्याची ही पद्धत नव्हे. दम न गमावता दिवसभर चालत राहण्याची आहे. लाल स्नायूंची पद्धत म्हणावी तशी.

प्रवाहाकडून ऊर्जा मिळवण्याची ही कला माशांनाही अवगत असल्याचे पुढे प्रयोगांनी दाखवले. वाहत्या पाण्यात खांबाच्या मागे भोवऱ्यांची ओळ तयार होते. अशा जागी ट्राउट मासा आपले अंग भोवऱ्यांच्या तालावर सैल सोडतो आणि अगदी थोडे स्नायू वापरून जागा टिकवतो, हे २००३ मध्ये अमेरिकेत दिसून आले. त्याहून चकित करणारा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोरीला बांधलेला मेलेला ट्राउट त्या भोवऱ्यांत सोडला, तर तो प्रवाहाच्या उलट दिशेने पुढे सरकला. त्याच्या अंगात जीव नव्हता. लवचीकपणा होता, आणि तेवढ्यावर पाण्यानेच त्याला पुढे नेले. हा प्रयोग पाहायला लाइटहिल हयात नव्हते.

केंब्रिजनंतर १९७९ पासून दहा वर्षे ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्रमुख होते. १९८९ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी पुन्हा संशोधनाला वाहून घेतले. चक्रीवादळांच्या आपत्तीविषयीच्या आंतरराष्ट्रीय कामात ते गुंतले. माशांच्या कानाचे आणि शरीराच्या कडेने असलेल्या संवेदनरेषेचे गणितही त्यांनी हाती घेतले होते. पोहणे चालूच होते. सार्कची प्रदक्षिणा त्यांनी १९७३ नंतर आणखी काही वेळा पुरी केली होती. वय सत्तरीच्या पुढे गेल्यावर ते थांबतील अशी अपेक्षा त्यांना ओळखणाऱ्या कोणी केली नसावी.

१७ जुलै १९९८ रोजी ते पुन्हा सार्कभोवती पोहण्यास उतरले. वय चौऱ्याहत्तर. प्रवाहांचा त्यांचा अभ्यास पंचवीस वर्षांचा झाला होता. त्या दिवशी पाण्यातच त्यांचा मृत्यू झाला. हृदयाच्या डाव्या बाजूची, दोन कप्प्यांमधली झडप फाटली होती. रक्ताच्या प्रवाहाची गणिते आयुष्यभर करणाऱ्या माणसाला ती आतून दुबळी झाल्याची सूचना मिळाली नव्हती. पत्नी नॅन्सी या स्वतः गणिताच्या पदवीधर. १९४५ पासूनचा त्यांचा संसार होता. मागे त्या आणि मुले असा परिवार राहिला. रॉयल सोसायटीचे सर्वांत जुने व सर्वोच्च मानले जाणारे कोपली पदक त्या वर्षी लाइटहिल यांना देण्यात आले, ते मरणोत्तर. १९७१ चे त्यांचे सूत्र माशासारखे पोहणारी यंत्रे तयार करणारे अभियंते आजही पहिल्या अंदाजासाठी वापरतात.